खेळण्यांच्या रंगाची पारख

(इयत्ता चौथी व पाचवीच्या परिसर अभ्यासासाठी शिक्षकांस उपयुक्त असा पाठ)

प्रास्ताविक

लहान मुलाच्या हाती खेळणे दिले की ते प्रथम त्याचा रंग पाहते आणि पाठोपाठ ते तोंडात घालते. एक-दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा खोडकरपणा नव्हे; वस्तूची ओळख करून घेण्याचे ते त्याचे साधनच होय. यामुळे खेळण्याचा रंग हा केवळ शोभेचा विषय राहत नाही. तो पोटात जाण्याचाही विषय होतो. आपल्या शाळांच्या बालवर्गांत रंगीत ठोकळे, मणी, बाहुल्या व प्लॅस्टिकची चित्रे असतात. घरी खुळखुळे व भातुकली असते. दिवाळीत किल्ल्यावर मांडावयाचे रंगविलेले मावळे असतात. ही सर्व खेळणी मुले हाताळतात आणि त्यांची धाकटी भावंडे ती चघळतात. तेव्हा खेळण्याच्या रंगाविषयी आपण स्वतः काय तपासू शकतो आणि काय तपासू शकत नाही, हे शिक्षकांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

ठाणे जिल्ह्यातील शिक्षकांस हा विषय दूरचा वाटणार नाही. डोंबिवलीची औद्योगिक वसाहत १९६० नंतरच्या दशकात उभी राहिली आणि तेथे रंग व रसायने बनविणारे कारखाने आले. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवट रंगाचा पाऊस पडल्याने लोक चकित झाले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये औद्योगिक वसाहतीतील एक रस्ता गुलाबी झालेला दिसला आणि तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी स्वतः येऊन पाहणी केली. रस्ता गुलाबी होतो तेव्हा तो सर्वांस दिसतो आणि त्याची चौकशीही होते. परंतु खेळण्यावरील रंग जेथे असावा तेथेच असतो, सुंदर दिसतो आणि म्हणून त्याविषयी कोणी काही विचारीत नाही. प्रस्तुत पाठ हा प्रश्न विचारावयास शिकविण्यासाठी आहे.

पाठाचे हेतू

एक : खेळण्याचा रंग सुटतो किंवा नाही, हे साध्या प्रयोगाने पाहण्यास मुलांना शिकविणे.
दोन : ‘रंग सुटला’ हे निरीक्षण आणि ‘रंग विषारी आहे’ हे अनुमान, या दोहोंतील भेद त्यांच्या मनावर ठसविणे.
तीन : खेळणे विकत घेताना त्यावरील खूण वाचण्याची सवय लावणे.

यांपैकी दुसरा हेतू सर्वांत महत्त्वाचा समजावा. तो साधला नाही तर पहिला प्रयोग मुलांना चुकीचे तेच शिकवील.

शिक्षकांसाठी पूर्वमाहिती

पूर्वी रंग झाडपाला, मुळे, किडे व खनिजे यांपासून मिळत. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम हेन्री पर्किन हा अवघा अठरा वर्षांचा विद्यार्थी हिवतापावरील क्विनीन हे औषध कृत्रिम रीतीने बनविण्याच्या खटपटीत होता. औषध तर हाती लागले नाही. परंतु कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यातून त्याला एक सुंदर जांभळा रंग मिळाला. येथून कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. पुढे असे हजारो रंग निघाले आणि ते स्वस्त झाल्यामुळे गरिबाच्या मुलाच्या हातीही रंगीत खेळणे आले, हा त्यांचा उपकार विसरता येणार नाही.

त्यांची दुसरी बाजूही लौकरच उघड झाली. १८९५ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील शस्त्रवैद्य लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाचा कर्करोग आढळत असल्याचे निदर्शनास आणले. पुढील संशोधनात असे दिसून आले की, रंग बनविण्यास लागणारी बेंझिडिनसारखी काही ‘ॲरोमॅटिक अमाइन’ द्रव्ये या रोगास कारण होतात.

आज वापरात असलेल्या कृत्रिम रंगांचा फार मोठा वर्ग ‘ॲझो’ रंगांचा आहे. त्यांच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू दुव्याप्रमाणे जोडलेले असतात. हा दुवा आतड्यांतील जंतूंच्या क्रियेने तुटू शकतो आणि दुव्याच्या दोन्ही बाजूंचे तुकडे मोकळे होतात. हे तुकडे निरुपद्रवी आहेत की बेंझिडिनसारखे घातक, यावर त्या रंगाचे बरेवाईट अवलंबून असते. म्हणून ‘ॲझो रंग म्हणजे विष’ असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. मिठाईत घालण्यास परवानगी असलेला टार्ट्राझिन हा पिवळा रंगही ॲझो वर्गातलाच आहे. घातक अमाइन सुटू शकणारे रंग तेवढे वर्ज्य होत.

असे रंग कायद्याने वर्ज्य करण्यास १९९० नंतरच्या दशकात वेग आला. जर्मनीने १९९४ साली अंगाशी येणाऱ्या वस्तूंत त्यांचा वापर बंद केला. भारत सरकारने त्याच दशकात टप्प्याटप्प्याने एकूण ११२ रंगांच्या हाताळणीस मनाई केली. त्यांतील ७० ॲझो रंगांची अधिसूचना १९९७ सालची आहे. युरोपीय संघाने २००२ साली कापड व चामड्याच्या वस्तूंसाठी, आणि त्यांत कापडी व चामडी खेळण्यांसाठीही, मर्यादा घालून दिली : घातक अमाइनचे प्रमाण दर किलोग्रॅममागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये.

येथे आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. रंग दोन जातींचे असतात. एक जात पाण्यात किंवा अन्य द्रवात विरघळून वस्तूत मुरणारी. बाहुलीचे कापड अशा रंगाने रंगवितात. दुसरी जात न विरघळणाऱ्या बारीक पुडीची. ती तेलात अथवा लाखेत कालवून वस्तूवर थर देतात. पत्र्याच्या व लाकडाच्या खेळण्यांवरील चकचकीत थर या दुसऱ्या जातीचा असतो. या पुडींपैकी काही शिशाच्या असतात. शिसे व क्रोमियम यांच्या संयोगाने झालेली झळझळीत पिवळी पूड हे त्याचे ठळक उदाहरण होय. ती पाण्यात विरघळत नाही. परंतु तिचे पोपडे पोटात गेले तर जठरातील आम्लात तिच्यातील शिसे काही अंशी विरघळून रक्तात मिसळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे पोटात गेलेल्या शिशापैकी जितका भाग प्रौढ माणूस शोषून घेतो, त्याच्या चार ते पाच पट भाग लहान मूल शोषून घेते. शिशाचा घाला मुख्यतः वाढत्या मेंदूवर पडतो. मुलांच्या रक्तात अमुक इतके शिसे असले तरी चालेल, अशी निर्धोक मर्यादा आजवर आढळलेली नाही.

‘मग जुने नैसर्गिक रंगच बरे’, असे कोणी म्हणेल. तेही पूर्णपणे खरे नाही. हळद, बीट व पळसाची फुले निरुपद्रवी आहेत, हे मान्य. परंतु शेंदूर हा शिशाचा, हिंगूळ हा पाऱ्याचा आणि हरताळ हा सोमलाचा संयुग होय; आणि हे तिन्ही आपल्याकडे शतकानुशतके परिचित आहेत. तात्पर्य, रंग कारखान्यातून आला की खाणीतून, यावरून त्याचा निवाडा होत नाही. त्यात कोणते द्रव्य आहे आणि ते शरीरात जाऊ शकते काय, हे दोनच प्रश्न खरे होत.

पाठ घेण्याची रीत

साहित्य : शाळेतील किंवा घरची पाच-सहा जुनी खेळणी (एक कापडी, एक लाकडी, एक मातीचे, एक पत्र्याचे व दोन प्लॅस्टिकची), पांढऱ्या धुवट सुती कापडाचे तळहाताएवढे तुकडे, स्वच्छ पाणी, चिमूटभर मीठ, दोन वाट्या, पारदर्शक चिकटपट्टी, पांढरा कागद, आणि दुकानात मिळणारा खाण्याचा लाल अथवा पिवळा रंग.

सावधगिरीच्या सूचना : प्रयोग चालू असताना कोणीही बोटे तोंडात घालू नयेत. खेळणे खरवडू नये, कानसू नये आणि जाळू तर मुळीच नये. कारण शिशाची धूळ वा धूर श्वासावाटे आत जातो. प्रयोग संपल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

पहिली कृती, ओल्या कापडाची : एका वाटीत साधे पाणी व दुसरीत चिमूटभर मीठ घातलेले पाणी घ्यावे. साधे पाणी लाळेच्या जागी व खारे पाणी घामाच्या जागी आहे, असे मुलांना सांगावे. कापडाचा एक तुकडा साध्या पाण्यात भिजवून व पिळून खेळण्याच्या एकाच जागी वीस वेळा सारख्या जोराने घासावा. दुसरा तुकडा खाऱ्या पाण्यात भिजवून दुसऱ्या जागी तसाच घासावा. तिसरा ओला तुकडा खेळण्याभोवती घट्ट गुंडाळून मधल्या सुट्टीपासून शाळा सुटेपर्यंत ठेवावा. नंतर तिन्ही तुकडे पांढऱ्या कागदावर वाळवून, शेजारी एक कोरा तुकडा ठेवून ताडून पाहावेत. कोरा तुकडा ठेवण्याचे कारण मुलांकडूनच वदवून घ्यावे.

दुसरी कृती, चिकटपट्टीची : खेळण्यावरील रंगाच्या थरावर चिकटपट्टी दाबून बसवावी आणि एका झटक्यात ओढून काढावी. ती पांढऱ्या कागदावर चिकटवावी. पट्टीबरोबर रंगाचे पोपडे अथवा कण आले काय, ते पाहावे. जेथे थराला आधीच तडे गेले असतील अशी जागा मुद्दाम निवडावी.

तिसरी कृती, तुलनेची : खाण्याच्या रंगाचे थोडे पाणी करून कापडाच्या तुकड्यावर एक थेंब टाकावा. कापड तत्काळ गडद रंगेल. हा डाग खेळण्याच्या डागांच्या ओळीत ठेवावा आणि वर्गास विचारावे, “या ओळीतील सर्वांत गडद डाग कोणाचा? मग सर्वांत विषारी वस्तू तीच काय?” खाण्याच्या रंगाचे अन्नातील प्रमाणही कायद्याने मर्यादित असते, तरी मर्यादेत राहून आपण तो जिलबीतून खातो, हे मुलांना माहीत असते. येथे वर्ग क्षणभर स्तब्ध होईल. ही स्तब्धता हाच या पाठाचा गाभा असल्याने शिक्षकांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये.

नोंद : फळ्यावर सहा रकाने आखावेत : खेळण्याचे नाव, ते कशाचे आहे, त्यावर कोणती खूण आहे, ओल्या कापडाचा डाग, चिकटपट्टीवरील पोपडे, आणि शेवटी निर्णय. निर्णयाचा रकाना पुढील चर्चा होईपर्यंत रिकामा ठेवावा.

निरीक्षणावरून निर्णय

चर्चेत पुढील चार गोष्टी क्रमाने मांडाव्यात.

ज्या खेळण्याचा रंग कापडास लागला, त्याचा रंग लाळेबरोबर पोटात जाऊ शकतो. तो विषारी आहे असे यावरून सिद्ध होत नाही. तथापि त्यात काय आहे हे आपणांस ठाऊक नसल्याने असे खेळणे तान्ह्या भावंडाच्या हाती देऊ नये.

ज्या खेळण्याचे पोपडे चिकटपट्टीस आले, ते अधिक काळजीचे होय. कारण पोपड्याबरोबर न विरघळणारी पूडही पोटात जाऊ शकते. असे खेळणे वापरातून काढावे.

ज्या खेळण्याचा रंग कापडासही लागला नाही व पट्टीसही आला नाही, त्याचा रंग पक्का आहे एवढेच कळले. तो निर्दोष आहे असे कळले नाही. वर सांगितलेली शिशाची पिवळी पूड ओल्या कापडावर डाग पाडीत नाही; तरी मूल रोज चावू लागले की उद्या तोच थर सुटू शकतो.

ज्या खेळण्यास रंगच नाही, त्याची ही परीक्षा येथे लागू पडत नाही. मऊ प्लॅस्टिकमध्ये शिसे व कॅडमियम ही द्रव्ये रंगाखेरीज अन्य कारणांनीही घातली जातात. दिल्ली, मुंबई व चेन्नई येथील बाजारांतून घेतलेल्या मऊ प्लॅस्टिकच्या खेळण्यांत ही दोन्ही द्रव्ये आढळल्याचा अभ्यास २००७ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता.

म्हणजे आपली शालेय परीक्षा खेळणे नापास करू शकते. पास करू शकत नाही. हे एक वाक्य मुलांनी वहीत उतरून घ्यावे.

प्रयोगशाळेत काय करतात

मोठ्या मुलांच्या जिज्ञासेसाठी एवढे सांगावे की, प्रयोगशाळेतील परीक्षाही आपल्या परीक्षेच्याच दिशेने, परंतु फार पुढे जाते. रंग सुटतो काय हे पाहण्यासाठी तेथे कृत्रिम लाळ व कृत्रिम घाम तयार करतात, त्यांत भिजविलेल्या पट्ट्या खेळण्यावर शरीराच्या उष्णतेइतक्या उष्णतेत ठेवतात आणि पडलेला डाग ठरावीक मोजपट्टीशी ताडून त्यास गुण देतात.

घातक ॲझो रंग ओळखण्यासाठी कापडाचा तुकडा सोडियम डायथायोनाइट या द्रव्याबरोबर ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. त्याने रंगाचा तो नायट्रोजनचा दुवा तुटतो. शरीरात जे घडू शकते ते काचपात्रात घडवून आणतात, असे म्हणावे. मग सुटलेली अमाइन द्रव्ये वेगळी काढून यंत्राने ओळखतात व मोजतात. मुंबईत प्रभादेवी येथील वस्त्र समितीच्या प्रयोगशाळेत कापडाची अशी तपासणी होते.

शिसे इत्यादी द्रव्यांसाठी थराचा बारीक चुरा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात, ३७ अंश सेल्सिअस उष्णतेत, एक तास हलवितात व आणखी एक तास स्थिर ठेवतात. हे आम्ल म्हणजे जणू मुलाचे जठरच. त्यात उतरलेल्या आठ मूलद्रव्यांचे प्रमाण मोजतात. मर्यादा दर किलोग्रॅममागे मिलिग्रॅममध्ये पुढीलप्रमाणे आहेत : सोमल २५, अँटिमनी ६०, क्रोमियम ६०, पारा ६०, कॅडमियम ७५, शिसे ९०, सेलेनियम ५०० व बेरियम १०००.

रंगांच्या रसायनशास्त्राची परंपरा आपल्या राज्यात मोठी आहे, हेही मुलांस सांगण्याजोगे आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. तेथे अध्यापन केलेले प्राध्यापक कृ. वेंकटरामन यांचा कृत्रिम रंगांवरील इंग्रजी ग्रंथ १९५२ साली निघाला आणि जगभर प्रमाण मानला गेला. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

खूण कशी वाचावी

१ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोची ‘आयएसआय’ खूण असणे कायद्याने आवश्यक झाले आहे. या खुणेच्या वरच्या बाजूस मानकाचा क्रमांक असतो. साध्या खेळण्यांसाठी तो ९८७३ व विजेवर चालणाऱ्यांसाठी १५६४४ असा आहे. खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांपुढे उत्पादकाचा परवाना क्रमांक असतो. हा क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर घालून परवाना खरा आहे की नाही, हे पाहता येते. नुसते खुणेचे चित्र आहे पण क्रमांक नाही, असे आढळल्यास ते खेळणे घेऊ नये.

हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिरांच्या खेळण्यांस या आदेशातून सूट देण्यात आली. सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी फळे व खेळणी महाराष्ट्रात सर्वत्र प्रसिद्ध आहेत; अशा हातकामाच्या वस्तूवर खूण नसली म्हणून ती वाईट ठरत नाही. तेथे कारागिरास किंवा दुकानदारास कोणता रंग वापरला, हे आदराने विचारावे. सांगता न आल्यास ती वस्तू फडताळात शोभेसाठी ठेवावी. तान्ह्या मुलाच्या हाती देऊ नये.

शाळेने करावयाचे काम

हा पाठ वहीत संपू नये. पाठानंतरच्या आठवड्यात शिक्षकांनी बालवर्गाचे कपाट उघडून पुढील क्रम पाळावा. पोपडे निघालेली खेळणी प्रथम बाजूला करावीत. रंग सुटणारी कापडी व प्लॅस्टिकची खेळणी त्यांतच घालावीत. खूण नसलेली चकचकीत रंगाची खेळणी पाचवीच्या वर्गात मोजणीच्या कामास देता येतील. तीन वर्षांखालील मुलांच्या वाट्यास ती ठेवू नयेत. बाद केलेली खेळणी रंगवून पुन्हा वापरू नयेत व शाळेच्या आवारात जाळू नयेत; पिशवीत बांधून स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कचरा संकलनात वेगळी द्यावीत. उरलेली खेळणी आठवड्यातून एकदा पुसून घ्यावीत आणि जेवणापूर्वी मुलांचे हात धुण्याचा नियम कटाक्षाने पाळावा.

पालकसभेत हा विषय काढताना भय उत्पन्न होईल अशी भाषा वापरू नये. मुलाने एकदा बाहुली चोखली म्हणून रोग होत नाही. धोका आहे तो थोडे थोडे, दीर्घकाळ पोटात जाण्याचा. आपल्या जिल्ह्यातील अनेक पालक रंग-रसायनांच्या कारखान्यांत काम करतात. त्यांच्या उद्योगाविषयी मुलांच्या मनात तिरस्कार निर्माण होईल असे काही बोलू नये. उलट अशा एखाद्या पालकास वर्गात बोलावून, कामावर हातमोजे व मुखपट्टी का वापरतात आणि घरी येताच कपडे का बदलतात, हे त्यांच्याच तोंडून मुलांना ऐकवावे.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. प्रयोगात कोरे कापड शेजारी का ठेवले?
२. खाण्याच्या रंगाचा डाग सर्वांत गडद पडला. यावरून काय सिद्ध होते व काय सिद्ध होत नाही?
३. पिवळ्या रंगाच्या एका मोटारीचा डाग पडला नाही. ‘ही मोटार निर्धोक आहे’, असे रमेश म्हणतो. त्याला तुम्ही काय सांगाल?
४. शेंदूर नैसर्गिक द्रव्यापासून झाला तरी तो तोंडात का घालू नये?
५. घरातील तीन खेळण्यांवरील खूण व परवाना क्रमांक शोधून वहीत लिहा. न आढळल्यास ‘आढळला नाही’ असे लिहा. अंदाजाने काही लिहू नका.

पाचव्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकांनी काळजीपूर्वक पाहावीत. ज्या घरांत तान्हे मूल आहे आणि एकाही खेळण्यावर खूण नाही, अशा घरच्या पालकांशी समक्ष बोलावे. त्यांस नवे खेळणे विकत घेण्यास सांगण्याची आवश्यकता नाही. धुतलेली स्टीलची वाटी, लाकडाचा न रंगविलेला गुळगुळीत चमचा किंवा स्वच्छ पांढऱ्या कापडाची चिंधीची बाहुली तान्ह्या मुलास तितकीच आवडते, आणि तिच्यावर रंगच नसल्यामुळे त्याची काळजी करण्याचे कारण उरत नाही.